तळाचा रंग

हल्ली पोहण्याचा तलाव बांधावयाचा म्हटले, की पहिला वाद पडतो तो रंगाचा. कोणी निळ्या फरशीचा आग्रह धरतो, कोणाला पांढरी हवी असते, तर कोणाचे मन काळ्या पाषाणावर जडलेले. हा वाद ऐकला, की मला मिरजकराला मौज वाटते. कारण आमच्या पूर्वजांना या बाबतीत निवड अशी नव्हतीच. कृष्णाकाठचा दगड काळा, म्हणून घाट काळा आणि विहीरही काळीच.

सातारा जिल्ह्यातील लिंब गावची बारा मोटांची विहीर पाहा. वीरुबाई भोसले यांनी शके 1641 ते 1646, म्हणजे इ. स. 1719 ते 1724 या काळात ती बांधविली. खोली सुमारे 110 फूट, व्यास 50 फूट. सारे काम घडीव काळ्या दगडाचे. ती आमराईच्या पाण्यासाठी होती, पोहण्यासाठी नव्हे. पण या मुलखातली पोरे पोहायला शिकली ती काळ्या दगडाच्या विहिरींतच, कमरेला वाळका भोपळा बांधून.

अशा विहिरीचे पाणी कितीही निवळ असो, तळ दिसत नाही. काळा दगड प्रकाश गिळून टाकतो, आणि आपल्याला दिसते ते वरचे आकाशाचे प्रतिबिंब. पांढऱ्या तळाचे उलट. पाणी तांबड्या किरणांचा थोडा अंश शोषून घेते. उरलेला प्रकाश तळावरून परततो तो निळसर होऊन. म्हणजे निळी फरशी न बसविताही तलाव निळा दिसतो! समुद्राची निळाई हे आकाशाचे प्रतिबिंब, असे लॉर्ड रॅले मानीत. 1921 साली बोटीने मायदेशी परतताना सी. व्ही. रामन यांनी निकोल प्रिझमने ते प्रतिबिंब बाजूला सारून पाहिले. निळाई तशीच राहिली.

परंतु हा प्रश्न नुसत्या शोभेचा नाही. बुडणारा माणूस बहुधा ओरडत नाही. तो मुकाट्याने तळाशी जातो. फिकट तळावर त्याचा देह काठावरून चटकन दिसतो, काळ्या तळावर दिसत नाही. जुन्या विहिरींत बुडालेल्याचा शोध गळ टाकून घ्यावा लागे, तो उगाच नव्हे. शर्यतीच्या तलावांत तळ फिका आणि पोहणाऱ्याला दिशा दाखविणाऱ्या रेघा तेवढ्या गडद असतात, हेही ध्यानात घ्यावे.

तेव्हा काठाची फरशी शोभेसाठी हवी ती निवडा. तळाचा रंग मात्र काठावर पोरांची राखण करीत उभा राहणाऱ्याला विचारूनच ठरवावा.