बिऱ्हाडातला हकार

भाच्याने मिशिगनमध्ये नवा ट्रेलर घेतला. मोटारीमागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर. आत एक मोठा पलंग, मुलांना वरखाली दोन बंक, शेगडी, न्हाणी, आणि जेवणाचं टेबल खाली सरकवलं की पाहुण्याला बाजलं. पाहुणी मी. सरोवराकाठच्या तळावर पोचल्यावर मला वाटलं, आता चहा. कसला चहा! एका बाजूच्या चाकांखाली फळ्या सरकवायच्या, फरशीवर पाणसळ ठेवायची, बुडबुडा मधोमध येईतो पुढेमागे करायचं. "मावशी, बुडबुड्यावर डोळा ठेव," म्हणून मला कामाला लावलं. एवढी कसोशी फ्रिजसाठी. त्यात कॉम्प्रेसर नाही. गॅसच्या ज्योतीने अमोनियाचं द्रावण तापतं आणि पुढचा त्याचा प्रवास उतारावरून आपोआप होतो. घर कललं की द्रावण वाटेत तुंबतं आणि दूध नासतं. मग चाकांना अडसर लावले, पुढचा जॅक फिरवला, मोटारीच्या गोळ्यावरून ट्रेलरची मान उचलली गेली, आणि मोटार वीतभर पुढे सरकली. "सुटला!" भाचा ओरडला.

त्याच वेळी भाचेसून धारवाडला आईशी फोनवर बोलत होती. मला कानडी येत नाही, पण त्या धबधब्यातला एक शब्द टपकन कानात पडला: बिडार. विचारलं तर म्हणाली, "बिडार हूडणं म्हणजे तळ टाकणं. आत्ता आपण टाकला ना, तसा." चहा तिथेच राहिला.

ट्रेलरचा इतिहास दोन वाक्यांत आटोपते, कारण तो कुठेही मिळेल. १८८५ साली गॉर्डन स्टेबल्स या निवृत्त नौदल डॉक्टराने ब्रिटनमध्ये हौसेच्या भटकंतीसाठी घोड्यांचं फिरतं घर बांधून घेतलं. मोटारीमागचं घर अमेरिकेत गाजवलं ते मिशिगनच्याच आर्थर शर्मनने: तंबूच्या ट्रेलरने पावसात दगा दिला म्हणून त्याने सरळ लाकडी खोकं करून घेतलं आणि १९३० च्या डेट्रॉइटच्या मोटार प्रदर्शनात मांडलं. ब्रिटनमध्ये अशा घराला कॅराव्हॅन म्हणतात. ते फारसीतलं कारवाँ, आणि त्याचीच शेपटी तोडून व्हॅन झाली. म्हणजे आपल्या सिनेमावाल्यांची व्हॅनिटी व्हॅन हीसुद्धा उंटांच्या तांड्याची पणती. असो.

आपलं बिऱ्हाड कुठून आलं? कानडीत बिडु म्हणजे सोडणे आणि बीडु म्हणजे तळ, छावणी, राजाचा मुक्काम. होयसळांची राजधानी ओस पडली तिला हळेबीडु म्हणू लागले, जुना तळ. बैल सोडले, जू उतरलं, की तिथे मुक्काम. सोडण्यातून राहणं निघतं ते असं. तमिळ तर याहून पुढे गेली. तिथे विडु म्हणजे सोड, वीडु म्हणजे घर, आणि तोच वीडु म्हणजे मोक्षही. भाच्याचं "सुटला!" ही या सगळ्या गोताची खूण होती, त्या बिचाऱ्याला पत्ता नसला तरी.

यावर एक शंका हमखास येते: कानडीनेच मराठीकडून घेतला नसेल कशावरून? मला हे पटत नाही. मराठीत बिऱ्हाड एकटं आहे. त्याचं क्रियापद नाही, भावंडं नाहीत. तिकडे अख्खं खटलं नांदतंय. तेलुगूतही विडिदि आहे, म्हणजे वरपक्षाला उतरायला दिलेली जागा, आपला जानोसा. दुसरी शंका संस्कृतवाल्यांची: विहारावरून बिऱ्हाड. दिसायला देखणी, पण विहारात ड नाही, आणि तो कुठून टपकला हे सांगायची जबाबदारी त्यांची.

खरी अडचण आपल्या हकाराची आहे. बिडार कानडीत सरळ, मग मराठीत ऱ्ह कुठून? आणि मधल्या पायऱ्या आपल्याकडे दोन. एक बिढार. महानुभावांच्या जुन्या गद्यात स्वामींच्या उतरण्याच्या जागेला हा शब्द येतो, आणि नेमाड्यांनी १९७५ साली कादंबरीला तेच नाव दिलं. दुसरी बिराड. अशोक पवारांच्या आत्मकथनाचं नाव हेच. एकीत हकार आहे पण अक्षरं जागच्या जागी. दुसरीत अक्षरांची अदलाबदल झालीय पण हकार गायब.

माझा पक्ष असा. आधी बिडारचं बिढार झालं. मग नुकसानचं नुस्कान होतं, वाराणसीचं बनारस होतं, तशी ढ-र ची उलटापालट झाली. जागा बदलताना ढ ने आपला श्वास र ला देऊन टाकला आणि स्वतः नुसता ड उरला. बिऱ्हाड! बिराड ही याच वाटेवर हकार गाळून बसलेली बोलीतली भावकी.

विरुद्ध पक्ष म्हणतो, एवढी कसरत कशाला, बिराड आधी झालं आणि वऱ्हाडाच्या नादाने त्यात ह शिरला. तेही चारचौघांचं लटांबर, हेही. मान्य, हा पक्ष तगडा आहे; तेलुगूतल्या त्या विडिदिमुळे वऱ्हाड आणि मुक्काम फारच जवळ येतात. कऱ्हाडही त्याच नादाचं, पण तिथला ह करहाटकातला, वडिलोपार्जित. बिऱ्हाडाला तसा वारसा नाही. तरीही बिढार तेराव्या शतकापासून हकारासकट घरात असताना तो शेजारच्या मांडवातून उसना आणायचं कारण काय? माझा हट्ट तिथेच.

भाचेसुनेने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मावशी, सामान आमचं, ह तेवढा तुमचा."

शब्द इकडे आला आणि जागेवरून माणसांवर सरकला, हे मात्र आपलं खास. वाड्यात चार बिऱ्हाडं असायची ती खोल्यांवर नव्हे, चुलींवर मोजलेली. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतो तेव्हा पाठीवर घर नसतंच, पिल्लं असतात. विंचवीण पिल्लं जन्मल्यापासून त्यांची पहिली कात पडेपर्यंत त्यांना पाठीवर वागवते. घर पाठीवर असतं गोगलगाईच्या, पण म्हणीत तिला कुणी घेतलं नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडकडून ऊसतोडीची बिऱ्हाडं ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीत बसून निघतात, त्यांतली कित्येक थेट कर्नाटकातल्या कारखान्यांवर. तिथे कोप्या उभ्या राहतात. जिथून शब्द आला तिथेच तो माणसांसकट जाऊन उतरतो.

रविवारी सकाळी आवराआवर. नळी काढली, फळ्या गोळा केल्या, माझं बाजलं पुन्हा टेबल झालं. मुलं कधीच मोटारीत जाऊन बसली होती. भाचा मागे येत होता, सून हात दाखवत होती, आणि गोळा मानेखाली बसायला वीतभर कमी पडत होता. तिसऱ्या खेपेला खटकन बसला.