घरबसल्या ऑलिम्पिक

दर चार वर्षांनी पंधरा-सोळा दिवस आपल्या घरातली सगळी माणसे तज्ज्ञ होतात. ज्यांनी जन्मात हातात धनुष्य धरलेले नाही ते वाऱ्याचा अंदाज चुकला म्हणून हळहळतात, आणि ज्यांना विहिरीत उतरायची भीती ते सूर मारणाऱ्याचे पाय जुळले नाहीत हे अचूक हेरतात. आम्ही त्यांतलेच. एरवी वर्षभर क्रिकेटखेरीज फारसे काही पाहणार नाही, पण ऑलिम्पिक आले की ताट हातात घेऊन टीव्हीसमोर बसणार. समारोप झाला की भालाफेकीतले जर्मन आणि झेक खेळाडू पुढच्या वेळेपर्यंत डोक्यातून जाणार.

या घरबसल्या पाहण्याला इतिहास आहे, आणि बेळगाव-कोल्हापूरच्या आपल्या टापूत तो जरा जास्तच बोलका आहे. आपल्या मातीतली माणसे ऑलिम्पिकला गेली ती टीव्हीच काय, रेडिओही घरात येण्यापूर्वी. कोण लक्षात राहिले आणि कोणाचे नाव पोहोचलेच नाही, हे पदकापेक्षाही पुष्कळदा खेळ घरात कोणत्या वाटेने आला यावर ठरले, असे आम्हांला वाटते.

सुरुवात १९२० सालच्या अँटवर्पपासून करावी लागते. त्याच्या आदल्या वर्षी पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत खेड्यांतली मुले अनवाणी धावताना दोराबजी टाटांनी पाहिली. त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या जवळ जातात हे त्यांच्या ध्यानात आले. दोराबजी तेव्हा जिमखान्याचे अध्यक्ष होते. त्यांनी खटपट करून, स्वतःच्या खिशातून पैसे घालून, एक लहानसा चमू बेल्जियमला पाठवला. त्यात धावणारे होते आणि दोन पैलवानही होते. त्या चमूत आपल्या बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले होते.

अँटवर्पची मॅरेथॉन ४२ किलोमीटर ७५० मीटरांची, म्हणजे ऑलिम्पिकमधली आजवरची सर्वांत लांब. फिनलंडचे हॅन्नेस कोलेहमाइनेन २ तास ३२ मिनिटे ३५ सेकंदांत पहिले आले. चौगुले २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत एकोणिसावे. पहिल्यांदाच परदेशी गेलेल्या, तिथल्या हवेची सवय नसलेल्या माणसाने जगातल्या नामवंतांबरोबर शर्यत पुरी करून विसाच्या आत यावे, ही लहान गोष्ट नव्हे. त्याच वेळी कोल्हापूरचे रणधीर शिंदे फेदरवेट कुस्तीत उपांत्य फेरीपर्यंत गेले. कांस्यपदकाच्या लढतीत ते ब्रिटनच्या पीटर बर्नार्डकडून हरले आणि चौथे आले. भारताचे नाव ऑलिम्पिकमध्ये नुकते कुठे लागले होते, आणि कुस्तीतले पदक एका लढतीवर येऊन राहिले होते.

हे घरी कसे कळले असेल? तार केली तर तार, नाही तर बोटीने येणारे पत्र, नाही तर माणूस परत आल्यावर त्याच्याच तोंडून. म्हणजे आपला पहिला ऑलिम्पिक ‘प्रेक्षक’ हा खरे तर ऐकणारा होता, ओसरीवर बसून महिन्या-दोन महिन्यांपूर्वीची शर्यत ऐकणारा. गावात अशी हकिकत एक पिढी टिकते, फार तर दोन.

यानंतर मधली तीस वर्षे हॉकीची. १९२८ पासून सुवर्णपदके येत राहिली आणि ऑलिम्पिक म्हणजे हॉकी हे समीकरण घराघरांत पक्के झाले. १९५२ च्या हेलसिंकीलाही हॉकीचे सुवर्ण आले. अंतिम सामन्यात नेदरलँड्सवर ६-१, त्यांतले पाच गोल एकट्या बलबीर सिंगांचे. बातम्यांत आणि बोलण्यात जागा त्यांनाच मिळणार होती. त्याच हेलसिंकीत कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव बँटमवेट कुस्तीत तिसरे आले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक पदक. १९४८ ला लंडनमध्ये ते सहावे आले होते. तेव्हा कोल्हापूरच्या महाराजांनी खर्चाला हात दिला होता. हेलसिंकीच्या वेळी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून पैसे उभे केले. वर्गणी गावोगाव फिरून गोळा झाली.

त्या दिवशीची एक हकिकत आपल्या तालमींत अजून सांगतात. जपानच्या इशीशी लांबलेली कुस्ती संपते न संपते तोच खाशाबांना रशियाच्या मामेदबेयोव्हसमोर उभे केले. दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती नियमाने मिळायला हवी होती, पण हरकत घ्यायला भारताचा कोणी अधिकारी जवळ नव्हता. ती कुस्ती खाशाबा हरले. इशींना सुवर्ण, मामेदबेयोव्हना रौप्य, खाशाबांना कांस्य. आज असे झाले असते तर दुसऱ्या मिनिटाला लाखो घरांतून आरडाओरडा झाला असता. १९५२ साली ते पाहणारे आपले डोळेच नव्हते.

आणि याच हेलसिंकीत कोल्हापूरचेच केशव माणगावे फेदरवेट गटात चौथे आले. एका जिल्ह्याच्या आसपासची दोन माणसे, एक पदकाच्या पायरीवर आणि एक तिच्या अगदी खाली. खाशाबांची कराडला शंभरांहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, म्हणून निदान त्या टापूत ते घरोघर पोहोचले. माणगाव्यांचे नाव आज आपल्या मंडळात विचारून पाहावे. तालमीत जाणारे दोन-चार सोडले तर कोणाला ठाऊक असेल, शंका आहे.

रेडिओ घरात आला तेव्हा चित्र पालटले, म्हणजे चित्र मनातल्या मनात तयार होऊ लागले. परवाना काढून, फळीवर वर ठेवून, वर क्रोशाचा रुमाल घातलेला तो रेडिओ कितीतरी घरांत खेळाच्या दिवशीच खाली उतरे. १९६० ला रोममध्ये मिल्खा सिंग ४०० मीटरमध्ये चौथे आले. त्यांनी धावता धावता मागे वळून पाहिले आणि पदक गेले, ही गोष्ट आम्ही लहानपणी इतक्या जणांकडून ऐकली की ती सांगणारा प्रत्येक जण जणू स्टेडियममध्येच होता. शर्यत पाहिलेली त्यांतल्या कोणीच नव्हती. मिल्खा स्वतः सांगत की अर्ध्याच्या पुढे गेल्यावर त्यांनी वेग किंचित आवरला. मान वळवण्याचा भाग मात्र लोकांच्या तोंडी वाढत गेला. कानाने ऐकलेल्या खेळाचे असेच असते, उरलेले आपण भरतो.

१९६४ च्या टोकियोची चित्रे उपग्रहावरून प्रशांत महासागर ओलांडून अमेरिकेत गेली. आपल्याकडे तेव्हा टीव्ही म्हणजे दिल्लीतला एक प्रयोग होता. २३ ऑक्टोबरला अंतिम सामना पाकिस्तानशी, रोमला त्यांनीच हिसकावलेले सुवर्ण परत आणायचे होते. मोहिंदर लालनी एकमेव गोल केला आणि पुढचा सगळा वेळ गोलरक्षक शंकर लक्ष्मण यांनी पाकिस्तानचे हल्ले परतवून लावले. १-०. शंकर लक्ष्मण जन्माने महूचे, नोकरीने मराठा लाइट इन्फन्ट्रीचे, म्हणजे आपल्या कॅम्पातल्या पलटणीचे. संघात बेळगावचे बंडू पाटीलही होते. तेव्हा बेळगावला त्या सुवर्णाचा अभिमान वाटायला दोन कारणे होती, ती डोळ्यांनी दिसली नाहीत एवढेच.

पुढच्या भागात थोडी गंमत आहे आणि थोडी खंतही. भारताची हॉकीतली आठ सुवर्णे १९८० च्या मॉस्कोपर्यंत येऊन संपली होती. रंगीत टीव्ही आला १९८२ साली, दिल्लीच्या आशियाई खेळांबरोबर. त्यानंतर लॉस एंजेलिस, सोल आणि बार्सिलोना अशा सलग तीन ऑलिम्पिकांत भारताला एकही पदक मिळाले नाही. म्हणजे जिंकत होतो तेव्हा दिसत नव्हते, आणि दिसू लागले तेव्हा जिंकणे थांबले होते. आमच्या पिढीची ऑलिम्पिक पाहण्याची सवय या तीन शून्यांवर घडली. दुसऱ्यांचे खेळ मन लावून पाहायला आम्ही तिथेच शिकलो. कार्ल लुईसच्या चार सुवर्णांचे आम्हांला कौतुक होते, बुब्काचा बांबू वाकला की श्वास आमचा अडकायचा. पदकतक्त्यात भारत शोधायची सोयच नव्हती, त्यामुळे खेळ निखळ पाहिला गेला. आजच्या मुलांना हे सुख थोडे कमी मिळते असे आमचे मत आहे. कोणी म्हातारपणाचे लक्षण म्हणेल, म्हणो.

लॉस एंजेलिस आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे. तिथली ८ ऑगस्टची संध्याकाळ म्हणजे आपली ९ तारखेची सकाळ. महिलांची ४०० मीटर अडथळ्यांची शर्यत, आणि त्यात केरळची वीस वर्षांची पी. टी. उषा. मोरोक्कोची नवाल एल मुतवकिल पहिली, अमेरिकेची जुडी ब्राऊन दुसरी. तिसरी रुमानियाची कोजोकारू, ५५.४१ सेकंद. उषा ५५.४२. सेकंदाचा शंभरावा भाग. छायाचित्र पाहून निकाल द्यावा लागला. मोरोक्कोच्या राजाने त्या दिवशी जन्मलेल्या मुलींची नावे नवाल ठेवावीत असे फर्मान काढले. आपल्याकडेही पुढच्या काळात धावणाऱ्या कुठल्याही मुलीला गल्लीतली माणसे ‘काय गं उषा’ म्हणूनच हाक मारत. दूरदर्शनवर तो शेवटचा झेप घेण्याचा क्षण पुन्हापुन्हा दाखवला गेला आणि चौथा क्रमांक देशाच्या तोंडपाठ झाला.

त्या महिन्यातल्या तारखा शेजारी शेजारी मांडून पाहण्यासारख्या आहेत. ८ ऑगस्टला उषाची शर्यत. १२ ऑगस्टला ऑलिम्पिकचा समारोप. १४ ऑगस्ट १९८४ ला खाशाबा जाधव रस्त्यावरच्या अपघातात वारले. देश एका हुकलेल्या वैयक्तिक पदकासाठी हळहळत होता त्याच आठवड्यात, ते पदक स्वतंत्र भारतासाठी खरोखर मिळवणारा तोवरचा एकमेव माणूस गेला. पोलीस खात्यात नोकरी करून, सहायक आयुक्त म्हणून निवृत्त होऊन ते गावी राहत होते. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, २००० सालचा. हे वाचून उषाच्या चौथ्या क्रमांकाचे मोल कमी होत नाही. पण दिसलेला चौथा क्रमांक आणि न दिसलेला तिसरा यांत केवढे अंतर पडते, हे या एका आठवड्याइतके स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही.

१९८८ चे सोल तर ऐन गणपतीत आले. मंडपात आरती आणि घरात टीव्ही अशी पळापळ. बेन जॉन्सन २४ सप्टेंबरला, विसर्जनाच्या सुमारास, ९.७९ सेकंदांत धावला. तीन दिवसांत पदक काढून घेतले. त्या आठवड्यात ‘स्टेरॉइड’ हा शब्द मराठी घरांत आला तो कायमचा.

खाशाबांनंतरचे वैयक्तिक पदक यायला ४४ वर्षे लागली. १९९६ ला अटलांटात लिअँडर पेसने ब्राझीलच्या मेलिजेनीला पहिला सेट गमावून हरवले. वडील वेस पेस मूळचे गोव्याकडचे, १९७२ च्या म्युनिकमध्ये हॉकीचे कांस्य मिळवलेल्या संघातले. एकाच घरात दोन कांस्ये, पण वडिलांचे रेडिओवर ऐकलेले आणि मुलाचे डोळ्यांनी पाहिलेले. पुढचे सर्वांना आठवते, म्हणून लांबवत नाही. एवढेच सांगतो की २००८ ला सुशील कुमार पहिलीच कुस्ती हरला तेव्हा आम्ही टीव्ही बंद केला होता. ‘रेपेचाज’ नावाची काही सोय असते आणि हरलेला पैलवान तिथून कांस्यापर्यंत येऊ शकतो, हे शेजाऱ्यांच्या ओरडण्यावरून कळले.

आता पडदा हातात आला आहे. १ ऑगस्ट २०२४ च्या दुपारी स्वप्नील कुसाळेची अंतिम फेरी अनेकांनी कचेरीत, बसमध्ये, दुकानाच्या गल्ल्यावर फोनवर पाहिली. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा मुलगा, पात्रता फेरीत सातवा, गुडघ्यावर बसून, मग पालथे पडून, मग उभ्याने गोळ्या झाडत ४५१.४ गुणांवर तिसरा आला. नेमबाजीची ही तिन्ही आसने आम्ही त्या तासाभरात शिकलो. महाराष्ट्राच्या माणसाला वैयक्तिक पदक मिळाल्याला ७२ वर्षे झाली होती, आणि त्या संध्याकाळी प्रत्येक बातमीत खाशाबांचे नाव होते. माणगाव्यांचे नव्हते. सहा दिवसांनी विनेश फोगाट शंभर ग्रॅम जास्त वजनामुळे अंतिम कुस्तीतून बाद झाली. साऱ्या देशाने पाहिले, लवादाकडे दाद मागितली गेली, ती फेटाळली गेली. पाहणारे डोळे कोट्यवधी असले म्हणजे निकाल फिरतोच असे नाही.

२०२८ ला ऑलिम्पिक पुन्हा लॉस एंजेलिसला आहे. वेळ तीच, त्यांची संध्याकाळ आणि आपली सकाळ. या वेळी क्रिकेटही आहे, १९०० नंतर पहिल्यांदा. घरात एका टीव्हीवर क्रिकेट लागणार आणि कुस्ती पाहायची असेल त्याने फोन घेऊन आतल्या खोलीत जायचे, अशी वाटणी बहुतेक घरांत आतापासूनच ठरलेली दिसते.