कात्री कुणाच्या हातात

ऐतिहासिक चित्रपटावरून वाद पेटला की 'हल्ली लोकांच्या भावना फार लवकर दुखावतात' असं म्हणायची पद्धत आहे. कोल्हापुरात तरी तसं म्हणायची सोय नाही. इथं असा चित्रपट आणि त्याला लागलेली कात्री जवळपास एकाच वयाची.

इथल्याच महाराष्ट्र फिल्म कंपनीचा पहिला चित्रपट 'सैरंध्री', 1920 सालचा. बाबूराव पेंटरांनी भीमाच्या हातून कीचकाला मारलं ते इतकं हुबेहूब, की तो प्रसंग कापावा लागला. कथा महाभारतातली खरी, पण दहाच वर्षांपूर्वी खाडिलकरांच्या 'कीचकवध' नाटकावर बंदी आली होती. त्यातल्या कीचकात लोकांना लॉर्ड कर्झन दिसत होता. पुढं 1923 ला 'सिंहगड' आला, त्यात शिवाजी महाराज स्वतः बाबूराव. 1924 ला 'कल्याण खजिना': कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेला महाराजांनी सन्मानानं परत पाठवल्याची कथा. पडद्यावर मुसलमान पात्र आणताना बाबूरावांना हा प्रसंग निवडावासा वाटला, हे आज मुद्दाम आठवण्यासारखं आहे.

खरी गंमत 1930 ची. मिठाच्या सत्याग्रहाचं वर्ष, आणि 'प्रभात' फिल्म कंपनी अजून कोल्हापुरातच. शांतारामबापूंनी तरुण शिवाजीवर मूकपट काढला, भूमिकाही स्वतःच केली. नाव ठेवलं 'स्वराज्याचं तोरण'. सरकार बिथरलं. नाव बदलून 'उदयकाल' करावं लागलं आणि गडावर झेंडा चढवण्याच्या दृश्यावर कात्री फिरली. त्या सेन्सॉरला नावं ठेवायला माझी जीभ वळत नाही, कारण त्यानं चित्रपट बरोबर ओळखला होता. पोशाख सतराव्या शतकाचा, बोलणं चालू वर्षाचं. तेव्हापासून या पठडीत तेच चालत आलंय, त्यामुळं 'आम्ही फक्त इतिहास दाखवला' हा निर्मात्यांचा बचाव मला कधीच पटत नाही.

स्वातंत्र्यानंतर भालजी पेंढारकरांनी 1952 मध्ये चंद्रकांत मांडऱ्यांना घेऊन 'छत्रपती शिवाजी' केला. झेंडा कापणारं सरकार गेलं होतं. पण कात्री म्यान झाली नाही, तिचे मालक वाढले.

मार्च 2017 मध्ये पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर संजय लीला भन्साळींच्या 'पद्मावती'चा सेट उभा होता. सिद्दी जौहरचा वेढा चुकवून महाराज विशाळगडाकडं निघाले ती वाट याच पठारावरून जाते. एका रात्री जमाव आला, सेट पेटवला. कपडेपट आणि जनावरांचा चाराही जळाला. चित्रपटाचं चित्रीकरणसुद्धा संपलेलं नव्हतं. ब्रिटिश सेन्सॉर निदान चित्रपट बघून कापायचा. पुढं जानेवारी 2018 ला तो आला तो 'पद्मावत' होऊन. इथंही नावच बदललं.

आता हरकत घराण्यांतून येते. 2022 मध्ये 'हर हर महादेव'वर कोल्हापूरच्या संभाजीराजे छत्रपतींनी जाहीर आक्षेप घेतला. 2025 मध्ये संभाजी महाराजांवरच्या 'छावा'च्या ट्रेलरमधलं त्यांचं लेझीम खटकलं आणि दिग्दर्शक लक्ष्मण उतेकरांनी ते दृश्य काढलं. चित्रपट लागल्यावर मार्चमध्ये नागपुरात औरंगजेबाच्या कबरीवरून दंगल झाली, तेव्हा मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत 'छावा'चं नाव घेतलं. त्याआधीच शिर्क्यांचे वंशज उठले होते: आमच्या पूर्वजांना फितूर ठरवलं. उतेकरांनी माफी मागितली आणि खुलासा केला, की चित्रपटात फक्त गणोजी आणि कान्होजी एवढंच म्हटलंय, आडनाव घेतलेलं नाही. महाराष्ट्रात गणोजी म्हटल्यावर आडनाव विचारणारा प्रेक्षक त्यांना कुठं भेटणार होता, कोण जाणे.