काम सापडायला पंचवीस वर्षं

२००९च्या ऑगस्टमध्ये पुण्यातल्या शाळा बंद झाल्या, तेव्हा मी सहावीत होतो. स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू आमच्याच शहरात झाला होता. सोसायटीत प्रत्येक आजाऱ्याबद्दल एकच बोललं जायचं, ‘काहीतरी हयगय केली असणार.’

त्याच डिसेंबरमध्ये अमेरिकेत एका जुन्या प्रथिनाचं काम उघड झालं. गोष्ट मात्र १९५७पासूनची. लंडनमध्ये अॅलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमन यांनी कोंबडीच्या अंड्यातल्या पडद्याचे तुकडे निष्प्रभ केलेल्या फ्लू-विषाणूसोबत ठेवले. नंतर तो द्रव ताज्या तुकड्यांना दिला, तर त्यांच्यात जिवंत विषाणू नीट वाढेना. द्रवातल्या या पदार्थाला त्यांनी नाव दिलं इंटरफेरॉन. पेशी एकमेकींना धोक्याचा निरोप देतात हे कळलं. पण निरोप मिळालेली पेशी नेमकं करते काय?

१९८४मध्ये या निरोपाने जागी होणारी काही जनुकं सापडली. त्यातलंच एक कुटुंब आज ‘आयएफआयटीएम’ म्हणून ओळखलं जातं. पेशी एकमेकींना चिकटण्याशी त्याचा संबंध जोडला गेला. फ्लू अडवण्याशी मात्र पुढची २५ वर्षं नाही.

मग अब्राहम ब्रास, स्टीफन एलेज आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या पेशींतली सुमारे १८ हजार जनुकं एकेक करून गप्प केली आणि दर वेळी फ्लूचा विषाणू सोडून पाहिला. डॉक्युमेंटेशन नसलेल्या जुन्या कोडमध्ये आम्ही एकेक फंक्शन बंद करून काय मोडतं ते बघतो, तसंच. ‘आयएफआयटीएम३’ बंद केलं आणि विषाणू फोफावला. हीच प्रथिनं डेंग्यूलाही अडवतात, हेही दिसलं.

फ्लूच्या विषाणूला पेशी स्वतःच एका पिशवीत गिळते. पिशवी आम्लधर्मी झाली की विषाणूचं आवरण तिच्या पडद्यात मिसळतं आणि आतला ऐवज पेशीत उतरतो. हे प्रथिन त्याच पडद्यात बसून त्याला ताठर करतं. भोक पडत नाही आणि विषाणू पिशवीतच संपतो.

२०१२मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांना २००९च्या साथीत रुग्णालयात दाखल झालेल्यांमध्ये या जनुकाचं एक वेगळं रूप अपेक्षेपेक्षा जास्त आढळलं. हे वाचलं तेव्हा मला आमची सोसायटी आठवली. ज्यांची हयगय आम्ही शोधत होतो, त्यांच्यातल्या एखाद्याचा पडदाच जरा सैल असेल, हे तेव्हा कुणाच्या मनातही आलं नव्हतं.