शनिवार तेली : मराठी बोलणारे बनी इस्राईल

अमरावती-अकोल्याकडे ‘बनी इस्राईल’ हे नाव आपल्या कानावर येतं ते कुरआन शरीफमुळे. सतरावी सूरत या नावानेही ओळखली जाते. पण याच नावाचा एक समाज शेकडो वर्षं कोकणात राहिला आणि घरात मराठीच बोलला, हे आपल्या मुलांना सहसा माहीत नसतं. ज्यू म्हटलं की त्यांना टीव्हीवरचं युद्ध आठवतं. इस्राईल सरकारबद्दलचा आपला राग आपल्या जागी. अलिबागकडच्या या शेजाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे.

त्यांच्या परंपरेनुसार नवगावच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. धर्मग्रंथ बुडाले. पुढे तेल गाळण्याचा धंदा धरला, पण शनिवारी घाणा बंद. म्हणून गावाने नाव ठेवलं ‘शनिवार तेली’. आडनावं गावांवरून पडली : दिवेकर, किहीमकर, राजपूरकर. हिब्रू विसरले, तरी आठव्या दिवशी मुलाची सुंता, बिनखवल्याचा मासा न खाणं आणि ‘शमा’, म्हणजे अल्लाह एकच असल्याची ग्वाही, एवढं घराघरांत टिकलं. हे बहुतेक बायकांनी स्वयंपाकघरातच सांभाळलं. मटण आणि दूध एकत्र चालत नाही, म्हणून रश्शात नारळाचं दूध. शनिवारच्या दुआसाठी द्राक्षाची दारू नाही, म्हणून काळ्या मनुका भिजवून केलेलं सरबत.

त्यांचे शब्द ऐकले तर आपल्याला घरचे वाटतील. उपवास म्हणजे ‘रोजा’, धर्माचं काम बघणारा ‘काजी’, प्रार्थनेची जागा ‘मशीद’. मुंबईतलं त्यांचं पहिलं सिनेगॉग १७९६ साली सॅम्युएल दिवेकर यांनी बांधलं. मशीद बंदर स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं, असं सांगतात. दिवेकर कंपनीच्या फौजेत होते आणि टिपू सुलतानच्या कैदेत सापडले. हे बनी इस्राईल आहेत, ज्यांचा जिक्र कुरआनात आहे, हे कळल्यावर टिपूच्या वालिदांनी त्यांना वाचवलं, अशी आठवण त्या समाजातच सांगतात.

मलिदा तर दोघांकडे आहे. आपल्याकडे दर्ग्यावर पोळीचा, गूळ-तुपाचा. त्यांच्याकडे भिजवलेले पोहे, खोबरं, गूळ, सुका मेवा आणि सोबत फळं. लग्न, नवं घर, नवस फिटणं, काहीही असो, मलिद्याचं ताट मांडून एलियाहू हन्नवींचं नाव घ्यायचं आणि सगळ्यांनी मिळून गायचं. हे एलियाहू म्हणजे आपले हजरत इल्यास अलैहिस्सलाम. अलिबागजवळच्या खंडाळ्यात एक खडक दाखवतात. तिथून ते आसमानात गेले, अशी त्यांची श्रद्धा.

एकोणिसाव्या शतकात त्यांनी प्रार्थनांची मराठी भाषांतरं केली आणि कीर्तनही उचललं. चाल मराठी कीर्तनाची. कथा मात्र हजरत इब्राहीम, यूसुफ, मूसा यांची. आपल्याकडे दीनी तालीम उर्दूतच हवी की मराठीत चालेल, यावर अजून वाद रंगतात. यांनी दीडशे वर्षांपूर्वीच हा प्रश्न गाऊन सोडवला! मला तरी त्यात धर्म पातळ झालेला दिसत नाही.

१९४८ नंतर बहुतेक कुटुंबं इस्राईलला गेली. तिथेही १९६२ मध्ये धर्मगुरूंनी त्यांच्या लग्नांवर शंका घेतली. मोठं आंदोलन झालं, तेव्हा १९६४ मध्ये संसदेने त्यांना पूर्ण ज्यू मानलं. साधारण वीस हजारांचा समाज इथे चार-पाच हजारांवर आला. जमाअतीच्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, आणि कोकणातल्या सिनेगॉगांत आता ते दहा जमवणंच अवघड झालंय. लोद, अश्दोद, दिमोना या गावांत म्हातारी माणसं मराठी बोलतात. ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिकही तिथून निघालं. नातवंडं हिब्रू बोलतात. महाराष्ट्राने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, तेव्हा निम्म्याहून जास्त घरं कधीच रिकामी झाली होती.

माझगावला त्यांची १८७५ सालची शाळा आहे, सर एली कदूरी हायस्कूल. रिबेका रूबेन यांनी तिथे बरीच वर्षं मुख्याध्यापिका म्हणून काम केलं. वर्गांत पूर्वी दिवेकर, राजपूरकरांची मुलं बसत. आता तिथे बहुतेक मुलं मुस्लिम घरांतली आहेत.