जाहीर जबाब आणि खासगी टपाल

अर्ध्या औंसाचे पत्र इंग्लंडात कोठूनही कोठेही एका पेनीत पोहोचविण्याचा शिरस्ता १० जानेवारी १८४० रोजी सुरू झाला, आणि वंशावळी जुळविणारे, शिलालेखांचे ठसे घेणारे, खेड्यापाड्यांतील म्हणी व समजुती टिपून ठेवणारे जे हौशी अभ्यासक तोवर आपापल्या गावी एकाकी बसून होते, त्यांना परस्परांशी सवाल-जबाब करण्याची सोय प्रथमच लाभली. या मंडळींसाठी विल्यम जॉन थॉम्स या विद्याव्यासंगी गृहस्थाने ३ नोव्हेंबर १८४९ रोजी लंडनमध्ये 'नोट्स अँड क्वेरीज' हे तीन पेन्स किमतीचे साप्ताहिक काढले. उत्तर चारचौघांत द्यावे की एकट्यापुरते, या प्रश्नाचा निवाडा तेथे ज्या सौजन्याने झाला, त्याला मी त्या शतकातील विद्याव्यवहाराचे मोठे भूषण मानतो.

अंकात टिपणे, पृच्छा आणि उत्तरे असे विभाग असत. उत्तराच्या मथळ्यालगत कंसात, मूळ पृच्छा कोणत्या खंडात व कोणत्या पृष्ठावर आली होती त्याचा दाखला बारीक अक्षरांत छापलेला असे. त्यामुळे मागाहून येणाऱ्या वाचकास संवादाचा धागा मागे मागे नेत थेट उगमापर्यंत जाता येई. सही बहुधा आद्याक्षरांची किंवा टोपणनावाची असे. 'कथबर्ट बीड' या नावाने लिहिणारे एडवर्ड ब्रॅडली हे प्रत्यक्षात धर्मोपदेशक होते. अशा आडपडद्यामुळे भिडस्त माणसालाही बिनदिक्कत प्रश्न विचारता येई, आणि थोरामोठ्यांच्या विधानाला हरकत घेण्याचे धैर्यही होई.

परंतु आपले पणजोबा कोण, त्यांचा विवाह कोणत्या परगण्यात झाला, अशा घरगुती पृच्छांचा ओघ वाढू लागला, तेव्हा त्यांच्या उत्तरांनी सर्वांची पाने अडवू नयेत म्हणून संपादकांनी एक सूचना वारंवार छापावयास आरंभ केला: केवळ खासगी महत्त्वाच्या कौटुंबिक बाबींविषयी माहिती हवी असल्यास पृच्छेखाली आपले नाव व पत्ता द्यावा, म्हणजे उत्तरे परभारे पाठविता येतील. या नियमातील न्याय मला फार मोलाचा वाटतो. त्यात प्रश्नाला मज्जाव नव्हता, प्रश्नकर्त्याची अवहेलनाही नव्हती. मात्र ज्याला उत्तर एकट्यापुरते हवे, त्याने टोपणनावाचा आडोसा सोडून उघड्या नावानिशी पुढे यावे, एवढी किंमत त्यास मोजावी लागे. याखेरीज एक मधला मार्गही होता. अंकाच्या शेवटी पत्रलेखकांसाठी राखलेल्या सदरात संपादक कोणा आद्याक्षरधाऱ्यास दोन ओळींत खुलासा करीत. मजकूर सर्वांसमोर, पण अर्थ बहुधा एकालाच कळावा असा.

खासगी उत्तरांत एक हानी मात्र होतीच. छापलेली उत्तरे आज ग्रंथालयांत शाबूत आहेत. पेनीच्या तिकिटाने परभारे गेलेल्या असंख्य उत्तरांचा मागमूसही उरलेला नाही. जेम्स मरे यांची गोष्ट निराळी. ऑक्सफर्डच्या बृहत्कोशाचे संपादकत्व १८७९ मध्ये पत्करल्यावर त्यांनी याच साप्ताहिकातून शब्दांचे जुने दाखले मागविले, आणि छपाईची निकड असल्याने ते सरळ स्वतःकडे मागविले. पण ती खासगी टपाले अखेर कोशातच रुजू होऊन सर्वांची झाली.

आपल्याकडे १८५४ च्या टपाल सुधारणेने अर्ध्या आण्यात पत्र देशभर जाऊ लागले होते, आणि १८७२ मध्ये जेम्स बर्जेस यांनी मुंबईत 'इंडियन अँटिक्वरी' सुरू केले, तेव्हा त्यातही पत्रव्यवहाराला व पृच्छांना स्थान मिळाले. त्याच वर्षी रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी पतंजलीच्या कालनिर्णयावर त्यात लेख लिहिला. बर्लिनच्या आल्ब्रेख्त वेबर यांच्या मतांचा त्यात प्रतिवाद होता. वेबरांचे म्हणणे आणि त्यावर भांडारकरांचे प्रत्युत्तर, दोन्ही पुढील वर्षी त्याच नियतकालिकात, त्याच वाचकांसमोर छापली गेली. रामायणावर होमरची छाया पाहणारा वेबरांचा निबंधही इंग्रजी भाषांतररूपाने १८७२ मध्ये तेथे आला होता. त्याचे खंडन तेविशीच्या आसपासच्या काशिनाथ त्र्यंबक तेलंगांनी मुंबईत आधी सभेपुढे वाचले आणि १८७३ मध्ये स्वतंत्र पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध केले. प्रमाद जाहीर असेल तर त्याचे निराकरणही जाहीरच व्हावे, हा दंडक भांडारकर व तेलंग या दोघाही विद्वानांनी भाषेचा तोल यत्किंचितही ढळू न देता पाळला.