सीनाकाठचे नगर

1490 साली भिंगारजवळ मलिक अहमदाने बहामनी फौजेचा पराभव केला. त्या रणभूमीवर त्याने बाग केली, वाडा बांधला आणि पुढे सीनेच्या काठी शहर वसविले. जागा निवडताना विजयाच्या आठवणीपेक्षा हिशोब अधिक होता, असे मला वाटते. राजधानी जुन्नरला, डोळा देवगिरीवर! तो किल्ला लढून मिळेना. तेव्हा, फिरिश्ता सांगतो त्याप्रमाणे, दरसाल पिके उभी असताना जाऊन भोवतालचा मुलूख उजाड करण्याचा क्रम त्याने आरंभिला. जुन्नर आणि देवगिरी यांच्या मध्यावरचे ठिकाण या कामी सोयीचेच. 1499 मध्ये गड हाती आला. गडाखालच्या कुणब्याने त्या वर्षांत काय खाल्ले असेल, देव जाणे.

1636 मध्ये निजामशाही बुडाली. मोगल, पेशवे, शिंदे यांच्यामागून इंग्रज आले. त्यांच्या नगर जिल्ह्यात नाशिककडचाही मुलूख होता. 1869 मध्ये नाशिक वेगळा निघाला. तरीही उरलेला 17,048 चौरस किलोमीटरचा जिल्हा राज्यात सर्वांत मोठा! उत्तरेस प्रवरेच्या पाटाखाली ऊस डुलतो. दक्षिणेस जामखेड-कर्जतची ज्वारी आभाळाकडे पाहत असते. विभाजनाची मागणी पुन्हापुन्हा उठते ती यामुळेच.

त्याच कोरड्या जामखेडातील चौंडी गावी 1725 मध्ये अहिल्याबाई होळकर जन्मल्या. 2024 मध्ये शहर व जिल्हा दोहोंस अहिल्यानगर हे नाव मिळाले. सरकारी पाट्या बदलल्या; एस.टी.चा कंडक्टर मात्र अजून ‘नगर, नगर’ अशीच हाळी देतो.